खाडा पडू नये म्हणून

आजारी पडल्यावर तुम्ही आधी काय शोधता? डॉक्टर, की डॉक्टरच्या ओळखीचा माणूस?

प्रामाणिकपणे उत्तर द्या. आपल्याकडे ताप चढायला लागला की घरात पहिला प्रश्न निघतो तो "सिव्हिलमध्ये कोणी ओळखीचं आहे का रे?" हा. मग चुलत मेहुणा आठवतो, त्याचा शेजारी कंपाउंडर असल्याचं निघतं, त्याची चिठ्ठी मिळते आणि ती घेऊन आपण रांगेतल्या दहा जणांच्या पुढे जातो. त्या दहा जणांना चिठ्ठी देणारा कोणी नसतो. ती माणसं कुठे जातात, हे आपण विचारत नाही.

मी हा प्रश्न विचारू शकतो, कारण माझी रोजीरोटी या प्रश्नावर आहे. हॅनोव्हरमधल्या एका यंत्रांच्या कारखान्याच्या क्रांकेनकासेत मी खिडकीवर बसतो. कामाच्या आठवणी निवृत्तीनंतर लिहायच्या असतात म्हणतात. मी अजून तिशीही गाठलेली नाही आणि थांबण्याइतका धीर माझ्यात नाही. माझे वडील सोलापूरच्या गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. घरात पुस्तकं नव्हती, युनियनची पत्रकं होती. मी अक्षरं त्यांवर गिरवली, आईने माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरंही त्यांचीच घातली. त्यामुळे "हक्क" हा शब्द मी "हत्ती"च्या आधी वाचला. मी शिकाऊ फिटर म्हणून इकडे आलो, जर्मन बरी जमली, आणि परदेशी कामगारांची रीघ लागली तेव्हा कासेला आमच्यातला कोणीतरी हवा होता. मी हातोडा ठेवला आणि खिडकीवर बसलो.

क्रांकेनकासे म्हणजे काय ते आधी सांगतो. विमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एजंट येतो. तो घरी येऊन चहा पितो, सही घेतो, आणि आपण मेल्यावर बायकोला पैसे मिळतील असं सांगून जातो. इथला आजाराचा विमा तसा नाही. कामगाराच्या पगारातून एक हिस्सा जातो, तेवढाच मालक घालतो, आणि सगळ्यांचा मिळून एक निधी होतो. ज्याची मिळकत जास्त त्याचा हिस्सा जास्त, पण औषध मात्र ज्याला जेवढं लागेल तेवढं. दर तीन महिन्यांनी कासे सभासदाला एक कागद देते, त्याला क्रांकेनशाइन म्हणतात. तो डॉक्टरच्या हातात ठेवायचा की झालं. डॉक्टर पैसे मागत नाही, त्याचा हिशोब आमच्याकडे. बायको-मुलंही त्यातच येतात. आणि हा निधी चालवणाऱ्या मंडळात निम्मे लोक कामगारांनी निवडून दिलेले. यात मालकाची मेहेरबानी नाही, सरकारचा धर्मादायही नाही. हे कळलं त्या दिवशी मी वडिलांना चार पानी पत्र लिहिलं होतं.

पण आपल्या माणसाला हे पटवणं सोपं नाही. पुण्याचे एक गृहस्थ आमच्या कारखान्याच्या चाचणी विभागात नोकरी करत तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. एके दिवशी ते सूट घालून खिडकीवर आले. एका हातात लिफाफा, दुसऱ्या हातात डबा.

"साहेब आहेत का?"

"काम काय आहे?"

"मंडळींचे दिवस भरत आलेत. चांगल्या इस्पितळात जागा मिळायला हवी. ही आमच्या प्राचार्यांची चिठ्ठी."

"प्राचार्य आमच्या साहेबांना ओळखतात?"

"नाही. पण वाचली की मी कोण आहे ते कळेल ना त्यांना."

मी म्हटलं, "चिठ्ठी नको. पत्नीचं नाव आणि जन्मतारीख सांगा."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

ते जरा हिरमुसले. "म्हणजे इथे सगळ्यांना सारखंच?"

"गेनाऊ," मी म्हटलं. 'अगदी बरोबर' या अर्थाचा हा जर्मन शब्द माझ्या आयुष्यात मी एवढ्या आनंदाने उच्चारलेला नाही. डब्यात घरचा चिवडा होता. आमच्या विभागप्रमुख फ्रॉइलाइन (म्हणजे कुमारी) ओल्टमान यांनी तो नियमाप्रमाणे परत करायला लावला. तत्त्वाची एवढी किंमत मी पुन्हा कधी मोजली नाही.

दुसरे एक जण वर्ष संपल्यावर आले आणि शांतपणे म्हणाले, "मी वर्षभर एकदाही आजारी पडलो नाही. माझे पैसे परत द्या." मी सांगितलं, की तुमचे पैसे ओतकाम विभागातल्या एका इटालियनाच्या मोडलेल्या पायाला लागले असतील. मला वाटलं आता भांडण होणार. मग त्यांनी विचारलं, "चालतोय का तो आता?"

अशा माणसांवर माझा जीव आहे. त्यांना विमा कोणी समजावलेलाच नव्हता. पण अज्ञान प्रत्येक वेळी असं हसण्यावारी जात नाही.

आमच्या कासेत हेर पाप्पे (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत) नावाचे वयस्क गृहस्थ होते. आजारपणाची रजा घेतलेला सभासद खरोखर अंथरुणात आहे की बागेत बटाटे काढतोय, ते घरी जाऊन बघून यायचं, हे त्यांचं काम. मला या कामाची चीड होती. आजारी माणसावर पाळत ठेवणं हा त्याचा अपमान आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "तरुण माणसा, अर्ध्या घरांत मी गेल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांची विचारपूस करतं." मी माझी चीड मात्र कायम ठेवली.

तर एका दुपारी हेर पाप्पे सायकल लावून आत आले आणि टोपी न काढताच माझ्या टेबलाशी थांबले.

"आल्झो, हं, तर तुमचा देशबंधू दांडेकर. डॉक्टरने त्याला आजारी ठरवलंय म्हणून सकाळी बघायला गेलो होतो. फार आजारी आहे हो तो. श्वास घेताना कूस दाबून धरतो. मी पाणी दिलं तर दोन्ही हात जोडले त्याने."

मी पेन खाली ठेवलं. प्रभाकर दांडेकरबरोबर मी तासाभरापूर्वी कँटीनमध्ये जेवलो होतो. त्याने स्वतःचं ताट संपवून माझे बटाटेही खाल्ले होते.

"हेर पाप्पे, हा दांडेकर उंच होता की बुटका?"

"आडवा होता," पाप्पे म्हणाले. "आडवी माणसं मी मोजत नाही."

माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. दांडेकर कारखान्याच्या वसतिगृहात राहायचा. त्याच्या खोलीत मिरजेचा एक नवा मुलगा आला होता, महादेव सुतार. टर्नर होता, आणि रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी त्याला एकदाच भेटलो होतो. दांडेकरची सकाळपाळी, सुतारची दुपारपाळी. म्हणजे पाप्पेंनी सकाळी अंथरुणात पाहिलेला माणूस सुतार असेल, तर तो या क्षणी कुठे असेल?

मी उठलो आणि थेट यंत्रशाळेत गेलो.

सुतार त्याच्या लेथवर उभा होता. जाड स्वेटर अंगात, चेहरा राखेसारखा, कोपर कुशीला घट्ट दाबलेलं. त्याच्या शेजारी दांडेकर. दांडेकरची पाळी संपली होती, तरी तो थांबला होता आणि जड नग उचलून लेथच्या फिरत्या पकडीत, चकमध्ये लावून देत होता. पलीकडच्या जर्मन कामगाराने मला हसून खूण केली. हिंदी लोकांचं एकमेकांवर फार प्रेम असतं, असं त्याला वाटलं असावं.

"दांडेकर, हे काय चाललंय?"

"काही नाही. नवीन आहे, शिकवतोय."

"पाप्पे तुमच्या खोलीवर जाऊन आलाय. तुझ्या नावाने अंथरुणात कोण होतं?"

दांडेकरने हातातला नग हळूच फळीवर ठेवला. लेथच्या आवाजात त्याला ओरडावं लागलं आणि ओरडूनही आवाज खाली ठेवावा लागला.

"मग काय करणार होतो? पोराला आठवडाभर ताप. छातीत दुखतंय. माझा शाइन दिला त्याला. डॉक्टर कागदावरचं नाव बघतो, तोंड कुठे बघतो? म्हटलं औषधाची बाटली देईल, संपलं. त्या बाबाने रजाच लिहिली आणि परस्पर तुमच्याकडे पाठवली! इथले डॉक्टर असं करतात हे कोणाला माहीत?"

आपल्याकडे मुलाखतीला शेजाऱ्याचा कोट जातो, लग्नाला मैत्रिणीच्या बांगड्या जातात, रेशनकार्ड तर गल्लीभर फिरतं. दांडेकरने त्याच सरळ मनाने क्रांकेनशाइन दिला होता. त्यामुळे डॉक्टरच्या दप्तरात धडधाकट दांडेकर आजारी होता, आणि आजारी सुतार धडधाकट म्हणून लेथवर उभा होता.

"अरे, पण त्याचा स्वतःचा का नाही मागितलास?"

दांडेकर माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तसा बघायला लागला. "त्याला कुठून मिळणार? तो अजून प्रोबेत्साइटमध्ये, उमेदवारीत आहे. कायम झाल्याशिवाय कोण देतं? ठाण्याच्या कारखान्यात चार वर्षं टेम्पररी होतो मी. टायफॉइड झाला, पंधरा दिवसांनी परत गेलो, तर माझ्या जागेवर दुसरा. तू गिरणीवाल्याचा पोरगा ना? तुला सांगायला पाहिजे? बदलीवाल्याला काय मिळतं?"

नाही, मला सांगायला नको होतं. माझे वडील सहा वर्षं बदली होते. रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, कोणी कायम कामगार आला नाही तर आत घ्यायचे, नाहीतर घरी. आई त्यांच्या कपाळाला हात लावायची नाही. ताप आहे हे कळलं तर काय करायचं, हा प्रश्न होता. दांडेकर हजारो मैलांवरून तेच गेट उचलून घेऊन आला होता आणि इथे नसलेल्या दाराला त्याने ते लावलं होतं.

मी म्हणालो, "ऐक. इथे पहिल्या दिवसापासून. तो कामावर आला त्या सकाळपासून आमचा सभासद आहे. प्रोबेत्साइट असो नाहीतर काही असो."

"कागदावर असेल."

"कागदावरच असतं रे हक्काचं सगळं! म्हणून तर कागद वाचायचे!"

तेवढ्यात सुतारचा तोल गेला. त्याने आधारासाठी हात पुढे केला आणि तो हात फिरत्या चकच्या दिशेने गेला. दांडेकरने त्याला कमरेला धरून मागे ओढलं, मी लाल बटण दाबलं. यंत्र थांबलं. यंत्रशाळेत एक लेथ थांबली की त्या शांततेकडे सगळे माना वळवतात. सुतारला आम्ही खोक्यावर बसवलं. तो धापा टाकत होता आणि मलाच विनवत होता.

"साहेब, मेस्त्रीला सांगू नगा. थोरल्या भावानं मिरज ठेसनात बजावलंय. कायम होईस्तोवर एक बी खाडा पडता कामा नये. एक खाडा पडला की नाव कापत्यात. भैनीचं लगीन हाय."

"आणि तू पडलास तर?"

"म्या पडत नाय. दुपारच्याला जरा उतार असतो."

दुखणं अंगावर काढणं, हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मी लहानपणापासून शौर्याचा म्हणून ऐकत आलो होतो. त्या खोक्यावर तो मला दिसला. शौर्य होतं, यात शंका नाही. पण ते कोणाच्या कामी येत होतं?

मेस्त्री धावत आला. आता माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. सुतारला दांडेकरच्याच नावाने इस्पितळात पाठवलं असतं तर निदान त्या दिवशी सगळे सुटले असते. पण तिथे सुईपासून रक्तापर्यंत सगळं दांडेकरच्या नावावर आणि दांडेकरच्या जुन्या आजारांवर विसंबून झालं असतं. मी सुतारला विचारलं, "तुझं खरं नाव सांगू?" त्याने दांडेकरकडे पाहिलं. दांडेकर म्हणाला, "सांग बाबा. आता काय."

मी मेस्त्रीला सांगितलं, "हा महादेव सुतार. तीन आठवड्यांपासून तुमचा कामगार आणि आमचा सभासद. त्याला आत्ता इस्पितळात न्यायचंय."

फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी काही दिवस तसाच काम करत राहिला असता तर आम्ही काय केलं असतं ते सांगता येत नाही. सुईने पाणी काढलं, तो वाचला. प्रश्न उरला तो नोकरीचा. प्रोबेत्साइटमध्ये कारखाना कारण न देताही काढू शकत होता, आणि त्याच्या राहण्याचा परवाना त्या नोकरीवर होता.

दुसऱ्या सकाळी मी फ्रॉइलाइन ओल्टमान यांच्यापुढे उभा राहिलो आणि काही न लपवता सगळं सांगितलं. करडा स्वेटर, करडे केस, समोर करडी फाइल. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"ही फसवणूक आहे," त्या म्हणाल्या.

"हो. पण फसवून त्यांनी मिळवलं काय? जे सुतारचं होतंच, तेच त्यांनी चोरून घेतलं. आपल्याच घरात कोणी खिडकीतून शिरत असेल, तर दार कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही, असा त्याचा अर्थ होतो."

"रुजू होताना प्रत्येकाला माहितीपत्रक मिळतं."

"जर्मनमध्ये. मी तीन वर्षं जर्मन बोलतोय, तरी ते मला दोनदा वाचावं लागलं. फ्रॉइलाइन, त्याच्या पगारातून पैसे घेताना आपल्याला त्याची भाषा लागली नाही. मग सांगतानाच का अडावं?"

माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची टंकलेखन यंत्रं थांबली. मला वाटलं, आता मी परत हातोड्यावर. फ्रॉइलाइननी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भाषण संपलं असेल तर माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या.

आमची कासे तळमजल्यावर आणि कर्मचारी विभाग वर. गेल्या कित्येक वर्षांत फ्रॉइलाइन तो जिना चढल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. वाटेत त्यांनी कामगार मंडळाच्या प्रतिनिधीलाही बरोबर घेतलं. वरच्या साहेबाने सुतारला कमी करण्याच्या कागदाला हात घातलेलाच होता. फ्रॉइलाइन बसल्या नाहीत.

"हा माणूस आमचा सभासद आहे," त्या म्हणाल्या. "तो आजारी असताना तुमच्या यंत्रावर उभा होता, कारण त्याला तुमची भीती वाटत होती. हे तुम्हाला अहवालात लिहून हवंय का?"

साहेबाला ते लिहून नको होतं. सुतारला कमी केलं नाही.

मी अनेक मोर्चे पाहिलेत, घोषणा दिल्यात. पण त्या जिन्यावर करड्या स्वेटरमागून चढताना मला जो अभिमान वाटला तसा क्वचित वाटलाय. त्यांनी कोणावर दया केली नाही. नियम काय आहे ते त्यांना ठाऊक होतं आणि तो वापरायला त्या घाबरल्या नाहीत.

दांडेकर मात्र सुटला नाही. शाइन दुसऱ्याला दिल्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली. त्याची बाजू मांडायला मी बरंच बोललो, पण कागदावर नाव त्याचंच होतं. वसतिगृहाच्या जिन्यात तो मला म्हणाला, "तुझ्या हक्काने पोरगं वाचलं, मान्य. पण आठवडाभर त्याच्या तोंडात पेज कोणी घातली? त्याचे नग कोणी उचलले? ते तुझ्या नियमात बसत नाही." पुढे तो इंगोलश्टाटला मोटारींच्या कामावर गेला. त्याचं म्हणणं मला अजून टोचतं, कारण ते खरं आहे. माझं म्हणणंही खरं आहे. आपल्या माणसांत माया कमी नाही. पण मायेने फुप्फुसातलं पाणी निघत नाही, आणि जिथे हक्क आहे तिथे माया चोरवाटेने का न्यावी?

मग मी माझ्या घराण्याचं काम केलं. पत्रक काढलं. मराठीत, ठळक अक्षरात, एकच पान. स्टेन्सिल माझी, कागद फ्रॉइलाइनचा. पहिली ओळ अशी होती: "इथे आजारी पडायला कायम व्हावं लागत नाही." ते पाहून इटालियन पोरांनी त्यांच्या भाषेतलं मागितलं, मग ग्रीकांनी, मग तुर्कांनी. आज नव्या कामगाराला रुजू होताना त्याच्या भाषेतलं पान मिळतं. हेर पाप्पे ती पानं सायकलला लावून घरोघर नेतात. आता आमचं भांडण होत नाही.

सुतार बरा होऊन लेथवर परतला. त्याच्या भावाला मी स्वतः लिहिलं, कारण त्याची हिंमत होत नव्हती. भावाचं उत्तर आलं: "आम्हांस वाटले होते, असे सांगितले म्हणजे पोर जपून राहील." त्या माउलीसारख्या माणसावर मी रागावू कसा? त्याला जे ठाऊक होतं, तेच त्याने शिदोरीत बांधून दिलं होतं.

म्हणून ही विनंती तुम्हाला, जे घरी आहात त्यांना. तुमचा भाऊ, मुलगा, पुतण्या या देशात असेल, तर आजच त्याला पत्र लिहा. "प्रकृतीस जपणे" एवढ्यावर थांबू नका, त्यावर तो काय उत्तर देणार? स्पष्ट विचारा: तुझी कासे कोणती? या तिमाहीचा कागद तुझ्या स्वतःच्या नावाने घेतलास का? तुझ्या डॉक्टरचं नाव काय? आणि खाली लिहा, की ताप आला तर त्याच दिवशी कामावरून रजा घे, घरचे काही म्हणणार नाहीत. तो "इकडील सर्व क्षेम" म्हणून मोकळा होईल. त्यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरचं नाव येईपर्यंत लिहीत राहा.